दातांच्या डॉक्टरांची कंबर

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात मापं वहीत लिहायची पद्धत नव्हती. बायको टेप धरायची आणि कॉम्प्युटरला सांगायची. तिचं अक्षर तिचं तिलाच लागत नसे, म्हणून लेकीने तिला आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं होतं. एका गिऱ्हाइकाची एक फाइल. "खांदा पंधरा. डावा जरा उतरलाय, ओझं त्याच खांद्यावर घेतात वाटतं. बाई घाईत आहेत पण गोड आहेत, लवकर दे." मास्तर कापड पसरायचे, फाइल लावायचे, आणि कात्री तिच्या बोलण्याच्या लयीत चालायची.

ती गेली, आवाज दुकानात राहिला. कापायला काही नसलं तरी मास्तर कुणाची तरी बाही लावून ऐकत बसत.

मग कॉम्प्युटर कण्हायला लागला.

"बाबा, तो आज ना उद्या बसणार," लेक फोनवर म्हणाली. "आईचा आवाज घेऊन बसेल. सगळं क्लाउडवर टाकू या."

मेहुणा दुकानातच होता. बहिणीच्या माघारी तो रोज डोकावून जाई. "दाजी, क्लाउड म्हणजे परक्याच्या माळ्यावर आपली ट्रंक. मी हार्डडिस्क देतो. कपाटात ठेवा, कुलूप लावा."

फोन स्पीकरवर होता. "मामाला विचारा, आधीची डिस्क चहात कुणी बुडवली."

"चहा माझा, डिस्क माझी," मेहुणा म्हणाला. "परक्याने तर नाही ना बुडवली."

लेकीने तीन क्लाउड समजावून सांगितले. एकात जागा कमी, एकाला दरमहा पैसे, एक घरात सगळ्यांना मिळून वापरता येणारा. मास्तरांनी एवढंच विचारलं, "आवाज आटणार नाही ना?"

लेक हसली नाही. "नाही आटत, बाबा."

क्लाउड ठरला. लेकीने लांबूनच सगळं जोडून दिलं. मेहुण्याची डिस्क रिकामीच त्याच्या घरी परत गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाहिलं, तर त्याच फाइली कॉम्प्युटरवर आणि त्याच फोनवर. एका माणसाची दोन मापं ठेवायची नाहीत, हा बायकोचा दंडक. नेमकं चुकीचं हाती लागतं आणि पँट गुडघ्यावर अडकते. तेव्हा एक जोड काढायला हवी. कोणती? कॉम्प्युटर बिचारा दमलेला, त्याचंच ओझं उतरवावं. एका बाजूला तिचा आवाज लावून त्यांनी सगळ्या फाइली निवडल्या आणि पुसल्या. एक फाइल वापरात आहे, पुसता येत नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला. असू दे, म्हणाले. मग कचरापेटी झाडली. क्लाउडच्या कचरापेटीतही तसलीच कात्रणं दिसली. तीही झाडली. मन लावून झाडली.

मग समाधानाने फोन उघडला. एक फाइल सोडली तर फोन रिकामा होता.

"बाबा, फोल्डर एकच असतो," लेक म्हणाली. "दोन खिडक्यांतून दिसतो एवढंच. इथलं पुसलं की तिथलंही जातं."

"मला वाटलं, दोन आहेत."

"कचरापेटीत असेल. घाबरू नका."

"ती झाडली."

"क्लाउडची वेगळी असते."

"तीही झाडली. तुझ्या आईला कात्रणं राहिलेली चालत नसत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मेहुणा आला, त्याने ऐकलं. 'मी सांगत होतो' एवढं म्हणायचा त्याचा हक्क होता. पण तो शिलाई मशीनवर बसला आणि दोरा न ओवताच पायडल मारत राहिला.

उरली ती वाजत असलेली फाइल. आणि ती कुणाची असावी? दातांच्या डॉक्टरांची, ज्यांनी आजवर प्रत्येक पँट तक्रार घेऊन परत आणली होती.

आठवड्याने डॉक्टरच कापड घेऊन हजर झाले. "माप घ्या, मास्तर. जरा सुटलोय मी."

"माप आहे."

"ते जुनं झालं. मी काय जुन्या एक्स-रेवर दाढ काढतो?"

मास्तरांनी फाइल लावली.

"कंबर छत्तीस. थांब, डॉक्टर पोट आत ओढून उभे आहेत. त्यांना बोलू नकोस हं, लाजतील. छत्तीसच म्हण आणि दोन इंच माया सोडून सैल शिव. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडावर वाकून उभा असतो माणूस, घरी बसताना तरी आवळायला नको." पुढे थोडंसं हसू, आणि संपलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"अडतीस होतात."

"बाकीच्यांची मापं?"

"पुसली मी. हे एवढंच राहिलं तिचं."

डॉक्टर स्टुलावर बसले. "परत लावा." परत लावलं. "मला पाठवा. दवाखान्यात राहू दे एक."

"लेकीलाही पाठवायचंय. मेहुण्याच्या डिस्कवरही. तुमची कंबर गावभर होईल, डॉक्टर."

"होऊ दे."

मास्तरांनी टेप घेतला. डॉक्टर उठले, सवयीने पोट आत ओढलं, क्षणभर तसेच राहिले. मग हळूहळू सोडलं.