सात पोती कांदा

खुर्चीवरून उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. हात छातीवर, वेळ तीस सेकंद. मस्कतमधल्या बौशरच्या क्लिनिकमध्ये ही परीक्षा देताना मॅक्सिम तुस्कानो गेल्या वर्षी सात वेळा उठला आणि आठव्या वेळी अर्ध्यावर अडकला. ना वर, ना खाली. शेवटी नर्सने काखेत हात घालून त्याला उचललं. मागे नंबर लावून बसलेला कंपनीतलाच गुलजार, ज्याचं पोट त्याच्या आधी खोलीत शिरतं, तोसुद्धा हसला.

मॅक्सिमला मात्र हसू येत नव्हतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, हॉटेलच्या लॉन्ड्रीचा सुपरवायझर. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला कंपनी दर वर्षी तपासायची आणि शिक्का मारायची. ए म्हणजे कुठेही पाठवा. बी म्हणजे मस्कतमध्येच, हॉस्पिटलच्या जवळ ठेवा. सी म्हणजे घरी पाठवा. गेल्या वर्षी त्याला बी मिळाला होता, आणि सोबत ताकीद. मांड्या सुकल्यात, दोन जिन्यांत धाप लागते, असंच चाललं तर पुढच्या वेळी सी.

घर म्हणजे वसई. तिथे सगळं होतं. वाडी होती, हेझल होती, ती रोज फोनवर "डॅडी, आता पुरे" म्हणत होती. नव्हती फक्त बायको, पामेला. ज्या वर्षी विमानं बंद होती त्याच वर्षी ती गेली आणि तिला इथल्याच मातीत ठेवावं लागलं. तेव्हापासून दर शुक्रवारी मॅक्सिम पाण्याचा कॅन घेऊन दफनभूमीत जायचा, गुडघ्यांवर बसून तिला आठवड्याच्या बातम्या सांगायचा, आणि उठताना शेजारच्या थडग्याचा क्रॉस धरायचा. तो क्रॉस आता चांगलाच कलला होता. व्हिसा गेला तर पामेलाजवळ बसायला कोण येणार, ही त्याची एकच काळजी. ती त्याने लेकीलाही सांगितली नव्हती, फक्त समोरच्या फ्लॅटमधल्या जमालला सांगितली होती.

जमाल दापोलीकडचा. अल मवालेहच्या बाजारात त्याचा कांद्याचा गाळा. त्याला व्यायामातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला त्याला अजिबात जड गेलं नाही.

"जिममध्ये लोखंड उचलतात," तो म्हणाला. "तू आयुष्यात लोखंड कधी उचलणार आहेस? माझ्याकडे कांदा आहे, तो उचल."

महिनाभर मॅक्सिमने खुर्ची आणि जिने एवढंच केलं. मग तपासणीला शेवटचा आठवडा राहिला, त्याला धीर निघेना, आणि तो पहाटे बाजारात जाऊ लागला. तोंडाला पंचा गुंडाळून, कारण दुसऱ्याच्या गाळ्यावर माल उचलताना कुणी पाहिलं असतं तर तो व्यायाम ठरला नसता, काम ठरलं असतं. आपला अर्बाब, म्हणजे व्हिसा देणारा मालक, सोडून दुसरीकडे काम म्हणजे मॅक्सिमचा व्हिसा खलास आणि जमालचा गाळाही. पोतं वीस किलोचं. पहिल्या दिवशी दोन, मग तीन, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी जोर चढून सात.

तपासणीत तो तीस सेकंदांत चौदा वेळा उठला. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालताना नर्सशी गप्पा मारल्या. नाडी गेल्या वर्षी बसल्या जागी नव्वद पडायची, ती बहात्तरवर आलेली. मॅक्सिमने घरी येऊन पामेलाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. एसजीओटी चौपट.

एसजीओटी म्हणजे लिव्हर आणि लिव्हर म्हणजे दारू, एवढं वैद्यकीय ज्ञान आपल्याकडे प्रत्येकाला असतं. ऑफिसात शिक्क्याचे आणि व्हिसाचे कागद बघणारा कीथ, हाही वसईचाच, दार लावून हळूच म्हणाला, "अंकल, पामेला आंटी गेल्यापासून एकटे पडलात, समजू शकतो मी." मॅक्सिमने पामेला गेली त्या दिवसापासून थेंबाला हात लावला नव्हता. त्याने तसं सांगितलं. पिणारा माणूस पहिल्यांदा हेच सांगतो, हे कीथला माहीत होतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर दोन बायकांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि संध्याकाळी वसईहून हेझल फोनवर रडली. आठवड्याने पुन्हा तपासणी, नाहीतर सी.

मॅक्सिमने जमालला विचारलं, लिव्हर कसं साफ करतात. जमालने विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, घाम काढ. म्हणून आठवडाभर रोज सकाळी दहा पोती झाली. दंड वर करून केस विंचरता येईना, मोजे घालताना मॅक्सिम कण्हायचा, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. तो म्हणाला, बघ, घाण निघतेय.

दुसरा रिपोर्ट बघून क्लिनिकच्या डॉक्टर अफशीन खेडच्या बोलीवर आल्या. एरवी त्या इंग्रजीतच बोलायच्या. एसजीओटी आणखी दुप्पट, आणि स्नायूंतून रक्तात उतरणारं दुसरं एक द्रव्य तर तीसपट. किडनी थोडक्यात वाचलेली.

"अंकल, हे दारूचं नाही, हे स्नायू फाटल्याचं आहे. तुम्ही काय उचलता?"

दारू म्हटलं तर नोकरी जाते, पोतं म्हटलं तर व्हिसा जातो आणि जमालही बुडतो. मॅक्सिमने बराच विचार केला आणि तो म्हणाला, "प्रार्थना करतो. गुडघ्यांवर. बराच वेळ."

अफशीन उठल्या. त्यांनी त्याच्या कॉलरला चिकटलेला कांद्याचा लाल पापुद्रा चिमटीत धरून काढला, बघितला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"आठ दिवस ही प्रार्थना बंद," त्या म्हणाल्या. "भरपूर पाणी प्या. या वयातही स्नायू वाढतात अंकल, हृदयही सुधारतं, तुमचं सुधारलंच आहे. पण त्यांना घाई चालत नाही. मग हळूहळू वाढवा."

पोत्याचा उल्लेख त्यांनी कागदावर कुठेच केला नाही. आठ दिवस मॅक्सिम खाटेवर पडून पाणी प्यायला, जमालने डाळभात आणून दिला आणि अपराध्यासारखा दारात उभा राहिला. तिसरा रिपोर्ट स्वच्छ आला. पुढचा महिनाभर अंतिम कागद व्हायचे होते, तोवर मॅक्सिमने सांगितल्याप्रमाणे हळूहळू वाढवलं. एक पोतं, मग दोन, एक दिवस सोडून. जेवण रुचू लागलं, झोप लागू लागली, आणि शुक्रवारी क्रॉस न धरता तो उठला तेव्हा त्याला पामेलाला ओरडून सांगावंसं वाटलं.

मग कीथने त्याला बोलावून हात मिळवला. शिक्का ए. दोन वर्षं व्हिसा वाढला. दारूबद्दल माफीही मागितली. मॅक्सिमचे डोळे भरून आले.

"आणि गुड न्यूज," कीथ म्हणाला, "दुकमच्या नव्या हॉटेलची लॉन्ड्री तुमच्याकडे. तिकडे मोठं हॉस्पिटल लांब आहे ना, म्हणून ए वालेच पाठवतायत. आपल्याकडे साठीच्या वर एकच ए आहे."

दुकम साडेपाचशे किलोमीटर. आठवड्याची सुट्टी एक दिवस, आणि तीही बुधवारी. मॅक्सिमने विचारलं, गुलजारचं काय झालं. गुलजार खुर्चीवरून चारच वेळा उठला होता. त्याला बी मिळाला होता, तो मस्कतमध्येच राहणार होता, हॉस्पिटलच्या जवळ.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मॅक्सिमने जमालला गाळ्यावर गाठलं आणि दोघांनी शांतपणे हिशेब मांडला. सात पोत्यांना चौपट आलं होतं, तेव्हा सी गळ्याशी आला होता. बीसाठी किती लागतील?

"तीन," जमाल म्हणाला. "फार तर साडेतीन."

कीथला सांगितलं, छातीत कसंतरी होतंय, एकदा पुन्हा तपासा. जमालने तीन पोती मोजून काढली, चौथ्यातला अर्धा कांदा उपसून ठेवला. मॅक्सिमने ती उचलली. घामसुद्धा नीट आला नाही. रिपोर्ट नॉर्मल. पुढच्या आठवड्यात त्याने डोळे मिटून सातच्या सात उचलली आणि थेट क्लिनिक गाठलं.

रिपोर्ट आला तेव्हा अफशीननी कागद वाचला, त्याच्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

"कितीही उचला अंकल, आता आकडा वाढणार नाही. शरीराला सवय झालीय. त्याला पोत्याचं काही वाटत नाही."

"ही सवय काही कमी करता येईल का?"

"सहा महिने झोपून राहा," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी कारण विचारलं. मॅक्सिमने पहिल्यांदाच जमालखेरीज दुसऱ्या कोणाला ते सांगितलं. चांगल्या तब्येतीविरुद्ध देण्यासारखं औषध त्यांच्याकडे नव्हतं.

निघायच्या आदल्या शुक्रवारी जमालही दफनभूमीत आला. यापुढे नमाज झाली की पाणी मी घालीन, असं त्याने कबूल केलं होतं. फाटकापासून थडग्यापर्यंत कॅन आणताना तो तीनदा थांबला आणि शेवटी छाती धरून कठड्यावर टेकला.

"खुर्चीपासून सुरू कर," मॅक्सिमने त्याला सांगितलं. "पोत्याला हात लावू नकोस."

मग तो गुडघ्यांवर बसला. पामेलाला त्याने शिक्का सांगितला, दुकम सांगितलं, बुधवारही सांगितला. सांगण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा तो उठला. हात कशालाच लावावा लागला नाही. पूर्वी या उठण्यात पाच-सात मिनिटं जायची. क्रॉस धरायचा, थांबायचं, पुन्हा जोर करायचा, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ जास्त मिळायचा.

मॅक्सिमने इकडेतिकडे पाहिलं. जमाल कठड्यावर डोळे मिटून बसला होता. मॅक्सिम पुन्हा गुडघ्यांवर बसला, शेजारचा क्रॉस दोन्ही हातांनी धरला, आणि सावकाश उठायला लागला.