दोन कूम, दोन बॉट आणि एक साळिंदर

यंत्राला कामाला लावणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे! आमच्या चाचाक गावात ज्याचा फोन बिघडतो तो माझ्याकडे येतो. ज्याचा चालतो तोही येतो, आणि बिघडवून घेऊन जातो.

माझ्या मित्रानं, ओग्न्येननं, मला आपल्या लग्नात कूम व्हायला सांगितलं, तेव्हा म्हणूनच मी घाबरलो नाही. ज्याच्या साक्षीनं लग्न लागतं तो कूम, आणि मग नवरदेवही त्याचा कूमच. त्याचा मान फार मोठा. पहिला पेला कूमला, पहिली खुर्ची कूमला. बँडचं बिलही कूमलाच.

बँड नऊ जणांचा, दीड हजार युरो. माझ्याकडे बाराशे! त्यात नवरीच्या बापानं, रादिवोयेकाकांनी निरोप धाडला : "बँड वाजत आला तरच फाटक उघडेन. नाहीतर मुलगी घरात, कुत्रा अंगणात आणि तुम्ही रस्त्यावर!"

लग्नाला दोन आठवडे होते. क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी नाण्यांच्या बाजारात दुसऱ्याचं बघून आपोआप खरेदी-विक्री करणारा बॉट लावायचं मी ठरवलं.

क्रिप्टोमधली ही नक्कल म्हणजे परीक्षेत हुशार पोराच्या पेपरात बघून लिहिणं. फरक इतकाच, की मान वाकडी करायचं कामही बॉटच करतो. आपण ज्याला मालक मानू त्यानं घेतलं की आपला बॉट घेतो, त्यानं विकलं की विकतो.

आधी चाचणी म्हणून मी स्वतः दहा युरोचं 'साळिंदर' नावाचं नाणं घेतलं. त्यावर साळिंदराचं चित्र होतं. जगात माझ्याशिवाय ते दुसरं कोणी घेत नसावं. आणि तासाभरात नफेवाल्यांच्या यादीत एक नवा तारा उगवला! नाव 'शांत अस्वल', तेवढ्या वेळात एक्केचाळीस टक्के नफा! त्याच्याकडे होतं काय, तर साळिंदर. नुसतं साळिंदर! थोरांची मती एकच, म्हणतात ते उगाच नाही.

मग बॉटनं मला चार प्रश्न विचारले. कोणाची नक्कल? अस्वलाची. किती पैशांची? सगळ्या. किती वेगानं? जमेल तितक्या. थांबायचं कुठे? हे मी रिकामं सोडलं. लग्न तोंडावर असताना थांबायची भाषा अपशकुनी!

दहा दिवसांत बाराशेचे सात हजार झाले. आईला म्हटलं, "तुला नवा फ्रिज घेतो!"

"आधी जुन्याचं दार नीट लावत जा," ती म्हणाली.

लग्न शनिवारी. गुरुवारी सकाळी मी, ओग्न्येन आणि ट्रम्पेटवाले ड्रागोल्युबकाका कॉफी प्यायला बसलो. बँडचे पैसे द्यायचे होते. मी रुबाबात फोन काढला आणि सुरुवातीला पन्नास युरोचं साळिंदर विकलं.

टिंग! माझा फोन.

टिंग! ओग्न्येनचा फोन.

टिंग! पुन्हा माझा. टिंग! पुन्हा त्याचा.

"काय रे ही घंटा?" ड्रागोल्युबकाका म्हणाले. "चर्चमध्ये बसलोय की काय?"

"माझा बॉट आहे," मी म्हणालो. "त्याच्या मालकानं विकलं, म्हणून यानंही विकलं."

"काय योगायोग!" ओग्न्येन उडालाच. "माझाही बॉटच आहे! आणि माझ्याही मालकानं आत्ताच विकलं!"

"तुझा मालक कोण?"

तो लाजला. एवढा तर आपल्या नवरीला, दुन्याला, मागणी घालतानाही लाजला नव्हता. "लग्नात सांगणार होतो रे. माझा मालक तूच! तुझ्या खात्यावरचा तुझ्या खटारा गाडीचा फोटो लगेच ओळखला मी. म्हटलं, कूम ज्या विहिरीत उडी घेतो, तिचं पाणी गोडच असणार!"

मी विचारलं, "आणि तिथं तुझं नाव काय?"

"शांत अस्वल."

मी आ वासला! तो इतका, की ड्रागोल्युबकाकांनी आपलं ट्रम्पेट बाजूला ओढून घेतलं.

म्हणजे दहा दिवस मी त्याच्या पेपरात बघून लिहीत होतो आणि तो माझ्या! प्रश्न काय आहे, हे दोघांनीही वाचलं नव्हतं. मी घेतलं म्हणून तो घेत होता, तो घेत होता म्हणून मी, आणि आम्हा दोघांच्या घेण्यानंच भाव चढत होता. आता मी विकलं म्हणून तो विकत होता, आणि साळिंदर दगडासारखं खाली चाललं होतं!

"थांबव!" मी ओरडलो. "बटण दाब!"

"आधी तू, कूम!"

"अरे, तू नवरदेव आहेस! दाब!"

"कूमच्या आधी मी हात लावू? आई घरात घेणार नाही मला!"

"मी सांगतोय ना!"

"मान तुझा!"

टिंग! सात हजारांचे चार. टिंग! चाराचे दीड.

"लग्न तुझं!"

"साक्ष तुझी!"

टिंग!

"अरे गाढवांनो!" ड्रागोल्युबकाका कडाडले. "मगाशी दारातून आधी आत कोण येणार यावर तुम्ही अकरा मिनिटं घालवलीत! मी मोजतो. एक, दोन, तीन!"

दोघांनी एकदम बटण दाबलं. एकानं दाबलं असतं तरी साखळी तुटली असती, हे नंतर कळलं.

दोघांचे मिळून उरले एकसष्ट युरो. ओग्न्येनच्या मधुचंद्राचा समुद्रही त्यातच आटला.

"काका," मी विचारलं, "एकसष्टात काय येईल?"

त्यांनी बराच वेळ मिशी चोळली. "ट्रम्पेट नाही. ढोलही नाही. ट्यूबा येईल, तो मोठा भोंगा."

"नुसता?"

"माझा मेहुणा वाजवतो. घरी बसून खातोच आहे, इथे उभा राहून फुंकेल."

शनिवारी वरात निघाली. पुढे मेहुणा, अंगाला अजगरासारखा पितळी भोंगा गुंडाळलेला. भों! मग श्वास. भों! मग पुन्हा श्वास. मागे घामाघूम ओग्न्येन, त्याच्यामागे मान खाली घालून मी. रादिवोयेकाकांचं फाटक बंद! कुत्रा अंगणात! कोणी हसत नव्हतं, हे जास्त भयानक होतं.

मेहुण्यानं सगळा जीव एकवटून फुंकलं. भोंऽऽ!

आणि काय आश्चर्य! फाटक सताड उघडलं! सूट घातलेले रादिवोयेकाका दोन्ही हातांत काळ्या पिशव्या घेऊन धावत बाहेर आले. "थांबा! थांबा! गाडी नेऊ नका!"

त्यांना वाटलं होतं, कचऱ्याची गाडी आली.

आम्हाला पाहून ते जागीच थिजले. पण तोवर ओग्न्येन त्यांच्या बगलेखालून आत शिरला होता, आणि एकदा आत आलेल्या जावयाला कुत्रासुद्धा बाहेर काढत नाही.

लग्न छान झालं म्हणे. मी अर्धंच पाहिलं. काळ्या पिशव्याही कूमलाच मिळाल्या, आणि कचऱ्याचा डबा दोन गल्ल्या सोडून होता.