सावंतमास्तरांचे चार पाट

आमच्या खोल्यांच्या ओळीत भुईवर बसून जेवणारा माणूस एकच होता, आणि सबंध ओळीतले सगळ्यांत देखणे पाट होते तेही त्याच्याचकडे. चार पाट. शिसवी, जाडजूड, कोपऱ्याकोपऱ्याला पितळेची फुलं ठोकलेली. असे पाट माझ्याकडे असते तर मी उगीचच लोकांना जेवायला बोलावलं असतं. पण सावंतमास्तर कारखान्यातल्या पहिल्या पाळीवरून सुटले की ते चारही पाट खांद्यावर घ्यायचे, समोरच्या माळावर न्यायचे आणि मातीत बोटभर खोल बसवायचे. मग दिवेलागणीपर्यंत पोरं त्या पाटांभोवती धावायची. अंधार पडला की मास्तर पाट घरी आणायचे, धुऊन पुसून भिंतीला टेकवायचे, आणि स्वतः थाळी घेऊन भुईवर बसायचे.

हे पिंपरीचा माळ अजून माळच होता तेव्हाचं. औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि कुठकुठून माणसं येऊन राहिली होती. आम्ही साताऱ्याकडचे, मास्तर कोकणातले. मास्तर म्हणायचं खरं, पण ते शाळेत कधी शिकवत नव्हते. कारखान्यात बाटल्यांचं कोठार सांभाळायचे. त्याआधी लढाईच्या दिवसांत लष्कराच्या कोठारावर आसामात होते. तिथं अमेरिकन सोल्जर संध्याकाळी एक खेळ खेळायचे, तो हा माणूस डोक्यात भरून घेऊन आला. बेसबॉल. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं मारायचा आणि चार ठाणी पळत गाठून यायची. एक फेरी पुरी झाली की एक गुण, आणि गड्याच्या आधी चेंडू ठाण्यावर पोचला की गडी बाद. आमच्याकडे त्याला सरळ पाटाचा खेळ म्हणायचे.

आता खेळ म्हणजे सामान आलं. दांडकं सुताराकडून बाभळीचं कातून घेतलेलं, असं जड की पोर मारायच्या आधी स्वतःच भोवंडून पडावं. हातमोजे चांभाराकडून शिवलेले, आत काथ्या भरलेला. ते सगळं मला पटलं. पण पाट? ज्याच्यावर बसून अन्न खायचं त्याच्यावर मातीचे पाय? माझं डोकंच फिरलं. आमचा बाळू त्या टोळक्यात होता. एक दिवस मी पदर खोचला आणि माळावर गेले. बरोबर मळ्यातल्या यशोदाबाई होत्या. त्यांचा तुकाही तिथंच खेळायचा.

यशोदाबाई म्हणाल्या, "मास्तर, पोरगं दिवसभर उन्हात नाचवा, आमी काय बोलनार न्हाई. पर पाटावर पाय? ह्ये न्हाई जमायचं."

मजा म्हणजे पोरांनाही ते जमत नव्हतंच. पहिले आठ-पंधरा दिवस काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पोर जिवाच्या आकांतानं धावत यायचं, पाटापाशी कचकन थांबायचं, वाकून नमस्कार करायचं आणि तेवढ्यात बाद व्हायचं. एक तर दमून सरळ मांडी घालून पाटावर बसला. ताट यायचंच काय ते बाकी होतं.

आमचे हे म्हणाले, अहो मास्तर, कारखान्यात खोक्यांच्या फळ्या पडल्यात, त्या आणून देतो. कुणी गोणपाटाचे तुकडे देऊ केले. मास्तर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. नाही, पाटच पाहिजेत. का, ते सांगायचे नाहीत. शेवटी त्यांनी पाटांऐवजी नियम बदलला. पाय लावायचाच नाही, धावत येऊन हात लावायचा आणि ओरडायचं, "पोचलो!" झालं. पोरं हुतुतूत रेषा गाठायला झेप घेतात तशी पाटावर झेपा घेऊ लागली. गुडघे सोलायचे, कोपरं फुटायची, पण पाटाला पाय लागत नव्हता. यशोदाबाई गप्प झाल्या आणि मीही हळदीचा डबा हाताशी ठेवू लागले.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा सगळी कोठारातली. त्यांच्या तोंडी एकच मंत्र, "फुटायचा माल!" चेंडू झेलायचा म्हणजे काय? वरून आलेली बाटल्यांची पेटी उतरवून घ्यायची. दोन्ही हात, गुडघे सैल, पोटाशी. "बाळू, फुटायचा माल!" असं ते ओरडायचे आणि आमचं ध्यान, जे चेंडू दिसला की डोळे मिटायचं, ते हळूहळू डोळे उघडे ठेवायला शिकलं. आधी माझ्या घरात कपाला कान म्हणून राहिला नव्हता. त्या वर्षापासून बाळू दुधाचं भांडंसुद्धा दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायला लागला. आई म्हणून मला एवढ्यावरच मास्तरांची दृष्ट काढावीशी वाटायची.

तुकाचं वेगळंच. तो ज्वारीवरची पाखरं हाकून वाढलेला, दगड फेकण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. पण तोंड म्हणजे तोफखाना. कुणाच्या हातून चेंडू सुटला की त्याच्या सात पिढ्या काढायचा. मास्तर त्याला रागावले नाहीत. ज्याला शिवी दिली त्याच्या शेजारी त्याला उभा करायचे आणि सांगायचे की आता याच्या हातून निसटलेला प्रत्येक चेंडू तू आणायचास. महिनाभर तुका माळभर धावला. नंतर त्याच्या तोंडून शिवी यायला लागली की मध्येच अडखळायची आणि "असू दे रं" होऊन बाहेर पडायची. यशोदाबाईंना ते खरंच वाटेना. म्हणाल्या, घरात बापालाबी आता असू दे म्हनतो.

आणि कुणी रडलं तर मास्तर त्याला जवळ घ्यायचे नाहीत, समजावायचे नाहीत. नुसते शेजारी जाऊन बसायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "फुटायचा माल."

सगळं होतं, पण एक मोठी अडचण होती. खेळायचं कुणाशी? सबंध पंचक्रोशीत दुसरा संघच नव्हता. दोन-तीन वर्षं आमची पोरं आपापसांतच खेळत राहिली. मास्तरांच्या मनात एकच, एक तरी खरा सामना व्हावा. कोठारातली माणसं चेष्टा करायची, काय मास्तर, यंदा कोण येतंय, आसामची माणसं का? ते हसायचे, पण मला दिसायचं, लागायचं त्यांना.

आणि एक दिवस मास्तर कामासाठी तळेगावला गेले ते धावतपळतच परत आले. तिथं एका बोर्डिंगच्या शाळेत अमेरिकेहून आलेले एक पाद्री मुलांना हाच खेळ शिकवत होते! मास्तरांनी तिथल्या तिथं सामना ठरवला. पुढचे तीन आठवडे आमच्या ओळीत दुसरा विषय नव्हता. मी दशम्या आणि चटणी करून बरोबर निघाले, आमचे हेही निघाले. मास्तर पाट घेऊन निघाले. मी म्हटलं, अहो, तिथं त्यांची ठाणी असतील की. पण ऐकतात कसले! चिंचवडला गाडीत चढलो, तेव्हा नऊ पोरं, एक दांडकं आणि गोणपाटात बांधलेले चार पाट पाहून एका म्हाताऱ्यानं विचारलं, मुंज कुणाची आहे?

तळेगावची पोरं काय दिसत होती! पांढरे कपडे, कॅनव्हासचे बूट. आमची सगळी अनवाणी. पाद्री उंचच उंच, आणि मराठी बोलायचे असं शुद्ध की आपल्यालाच आपली लाज वाटावी. ठाणी म्हणून त्यांच्याकडे भरलेल्या पिशव्या होत्या. पण मास्तरांनी गोणपाट सोडून पाट काढले आणि पाहुण्यांचा मान म्हणून पाद्रींनी ते आनंदानं मांडू दिले.

इथंच गंमत झाली. ती बूटवाली पोरं अमेरिकेची थोडीच होती? तीही आपल्याच आयांची. त्यांचा पहिला गडी झोकात धावत आला, समोर शिसवी पाट, पितळी फुलं चमकतायत. गडी जागच्या जागी थांबला आणि बुटाचे बंद सोडायला लागला! तुकानं शांतपणे चेंडू फेकून त्याला बाद केलं. दुसरा पाटावरून उडी मारून पलीकडे गेला. तिसऱ्यानं पाटाला तुळशीसारखा वळसा घातला. पाद्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. आमची पोरं मात्र झेपा घेत होती, "पोचलो, पोचलो" ओरडत होती. बघता बघता आम्ही चांगले पुढे गेलो. मी तर उभीच राहिले होते.

तेवढ्यात मास्तर मैदानात चालत गेले आणि हात वर करून खेळ थांबवला. मला वाटलं, कुणाला लागलं की काय. पण मास्तर वाकले आणि एकेक पाट उचलायला लागले. पाद्री म्हणाले, सावंत, आपण तर जिंकत आहात.

"साहेब, ही पोरं आमच्या खेळानं बाद होत नाहीयेत," मास्तर म्हणाले. "यांच्या आयांनी जे शिकवलंय, त्यानं होताहेत. त्यात आमचा काय पराक्रम? तुमच्या पिशव्या मांडा."

मला असा संताप आला म्हणता! तीन वर्षं या एका दिवसाची वाट पाहिली आणि आता हातातला घास स्वतःहून खाली ठेवायचा? तुकाचा चेहरा लाल झाला. मी म्हटलं, आता हा सात पिढ्या काढणार. त्याचे ओठ हलले. मग तो नुसतं "असू दे रं" म्हणाला आणि पहिली पिशवी स्वतः उचलून जागेवर ठेवली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला डोळे पुसावे लागले.

पिशव्या आल्या तशी तळेगावची पोरं मोकळी धावायला लागली, आणि चांगलीच धावली. शेवटी आम्ही एका गुणानं मागे, आणि आमचा एकच गडी उरला. आमच्या बाळूनं चेंडू मारला, तीन ठाणी पार केली, चौथ्यासाठी झेप घेतली. हात पोचायच्या आधी चेंडू पोचला होता. आम्ही हरलो. बाळू मातीत पडून राहिला. मास्तर त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय पुटपुटले ते लांबूनही मला ऐकू आल्यासारखंच होतं. मग दोन्ही संघांनी मिळून माझ्या दशम्या खाल्ल्या.

परतीच्या गाडीत पोरं गाणी म्हणत होती. एकानंही पाटांचं नाव काढलं नाही. पण मला कुठं राहवतंय? मी मास्तरांच्या समोर जाऊन बसले आणि विचारलं, "भावजी, पाट उचलायचेच होते तर एवढ्या लांब आणले कशाला?"

"सामना बघायला आणले होते, वहिनी."

मला काही कळेना. मग मास्तर खिडकीबाहेर बघत सावकाश बोलले. लग्न झालं तेव्हा दोन पाट करवून घेतले होते, एक त्यांचा, एक बायकोचा. मुलगी झाली तेव्हा तिसरा, मुलगा झाला तेव्हा चौथा. ते आसामात असताना गावात तापाची साथ आली आणि तिघंही गेली. यांना कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. घरी आले तर चार पाट भिंतीला टेकून उभे.

"एकच पाट मांडला तर बाकीचे तीन बघत राहतात," ते म्हणाले. "चारही मांडले तर एकट्यानं कसं बसायचं? म्हणून माळावर नेले. तिथं संध्याकाळभर पोरांचे हात लागतात त्यांना."

मी भांडायला बसले होते. डब्यात एक दशमी उरली होती, ती त्यांच्या हातावर ठेवली.

घरी पोचल्यावर मी ते पाट मास्तरांच्या खोलीत जाऊच दिले नाहीत. स्वतः धुतले, पुसले आणि माझ्या स्वयंपाकघरात ओळीनं मांडले. भात-आमटी केली, चार पानं वाढली. तुका आमच्याकडेच राहिला होता. तो आला, सवयीनं वाकला, पाटाला हात लावून "पोचलो" म्हणाला आणि बसला. बाळूही तसाच. आमचे हे जन्मात कधी खेळले नव्हते, पण त्यांनीही हात लावला, "पोचलो" म्हणाले आणि बसले. चौथा पाट मोकळा होता. मास्तर दारात उभे होते. म्हणाले, मी आपला इथंच भुईवर बसतो.

मी म्हटलं, "भावजी, पान वाढलंय. भात निवतोय."

मास्तर आत आले. वाकले. कोपऱ्यातल्या पितळी फुलावर बराच वेळ हात ठेवला. तोंडानं काही म्हणाले नाहीत. मग बसले, आणि भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी माळावर गेले तर तीन ठिकाणी पाट होते आणि चौथ्या ठिकाणी दुमडलेलं गोणपाट. पोरं त्यालाही हात लावून "पोचलो" ओरडत होती. पुढे मास्तर पिंपरीत होते तोवर ते गोणपाट तसंच राहिलं, आणि मास्तर बसले होते तो चौथा पाट माझ्या स्वयंपाकघरात, आमच्या पाटांशेजारी भिंतीला टेकून. रोज संध्याकाळी मी पाट मांडायला घेतले की आधी तो मांडायची.