ढोमणेकाकांचं एकच चालू ब्लूटूथ

ढोमणेकाका आमच्याकडे आले की आधी चपला काढतात, मग आमच्या फोनचं ब्लूटूथ बंद करतात. पाणी नंतर.

"काहून चालू ठेवलं? कोणाला शोधून राहिला हा?" असं मला दटावतात, जणू मीच फोनला उनाडायला सोडलंय. रिछाईच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. रिकामं फिरणारं मशीन त्यांना अजूनही बघवत नाही. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींच्या फोनचं वायफाय बंद केलं, मगच तीर्थ घेतलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही शेजाऱ्यांनी बरगी धरणावर सहल काढली. काकू नको म्हणाल्या. लेक कॅनडात दवाखान्यात दाखल होती, बाळंतपणाचा फोन कधीही येणार होता.

"चलो जी! फोन मरू देणार नाही, माझी गॅरंटी," काका गरजले.

बरगीला रेंज धड नव्हती. काकांनी इंटरनेट, वायफाय, लोकेशन सगळं बंद केलं. फोन उंच धरून भटकले आणि पूर्ण रेंज मिळाली त्या कडुलिंबाखाली काकूंना घेऊन ठाण मांडलं. "रेंज नसली का फोन टॉवरला हाका मारत बसते, अन् त्यातच त्याचा जीव जाते."

नावेत बसले नाहीत. भरीत-भाकरीसुद्धा तिथंच मागवली.

"काका, अंडी उबवून राहिले का?" माझ्या जावेनं विचारलं.

"हो. तुमची रेंज नावेतून धुंडा."

ऊन उतरेपर्यंत आमचे सगळ्यांचे फोन रेंज शोधता शोधता आडवे झाले. काकांचा अर्ध्याहून जास्त भरलेला. तो त्यांनी ट्रॉफीसारखा सर्वांपुढे फिरवला. तेवढ्यात मला दिसलं.

"काका, तुमचंच ब्लूटूथ चालू!"

"ते राहू दे," म्हणत त्यांनी फोन झटकन मागे घेतला. आणि तो वाजला.

काकांनी बटण दाबलं, पण फोन कानाला लावला नाही. आवाज ब्लूटूथवरून थेट काकूंच्या कानातल्या नव्या ऐकायच्या मशीनमध्ये गेला. इतकी वर्षं लेकीची प्रत्येक बातमी काकूंना काकांनी ओरडून सांगितलेली.

"काय म्हणते? बोल ना!" काका त्यांची बाही ओढू लागले.

काकूंनी हातानंच गप्प केलं. "थांबा हो, रडून राहिली."

"कोण? आपली?" काकांचा आवाज चिरकला.

"आपली नाही हो!" काकू अख्ख्या धरणाला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "तिची पोरगी!"