बिळीगोडेची भिंत

"नवरदेवाकडची होडी समुद्रात असतानाच त्यांना आपलं घर दिसलं पाहिजे!" मुत्तक्कानं शीनाला, म्हणजे नवऱ्याला, ठणकावलं. लेक गुलाबीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. शिंपले भाजून केलेला चुना कालवून तिनं समुद्राकडची भिंत अशी पांढरी केली, की शेजारी बगळा मळका दिसावा.

"झकास!" शीना म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

खाडीकाठच्या त्यांच्या वाडीला तेव्हा धड नावही नव्हतं. घरं सगळी तांबड्या मातीची. पांढरी भिंत एकट्या मारिअम्माच्या देवळाची. तिच्याकडे नाक करून होड्या खाडीत शिरत. डावीकडे, मुत्तक्काच्या घरासमोर, वाळूचा दांडा होता.

सकाळी नवऱ्याकडची होडी थाटात आली आणि मुत्तक्काच्या भिंतीकडे नाक करून थेट वाळूत रुतली! मागून गावच्याच दोन होड्या मासळी घेऊन आल्या. सवयीनं त्याही रुतल्या!

"देऊळ सरकलं की काय रे?" कोणीतरी ओरडलं.

मुहूर्ताला घटकाभर उरली होती. शीना कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि नवरदेवाला खांद्यावर घेऊन आला. मुंडासं कोरडं, बाकी सगळं ओलं. लग्न लागलं एकदाचं!

पंगत उठायच्या आत गावप्रमुख तिमप्पय्या दारात. "मुत्तक्का, भिंतीला काजळी लाव. आत्ता!"

"लग्नघराला काळं फासू? तिमप्पय्या, लेक अजून अंगणात आहे माझी!"

"आणि होड्या?"

"दोन पांढऱ्या दिसल्या, की उजवीकडची देवी, डावीकडची मी! एवढंही कळत नाही?"

तिमप्पय्या हसू दाबत निघून गेले. पण एक खूण वाटेची, एक वाळूची, अशा दोन खुणांमुळे होड्या धुक्यातही नेमक्या शिरू लागल्या. नावाडी जागेला बिळीगोडे म्हणू लागले. कानडीत, पांढरी भिंत. पुढं बसच्या पाटीवरही तेच आलं. मुत्तक्का महिनाभर जमिनीवरून चालत नव्हती!

मग पावसाळा आला. चुना धुऊन भिंत तांबडी झाली. पाऊस सरताच तिमप्पय्या पुन्हा दारात.

"मुत्तक्का, होड्या निघायच्यात. चुना कधी?"

"मी एकटीनंच लावायचा?"

"भिंत कोणाची?"

चाळीस वर्षं तिनं दर पावसाळ्यानंतर चुना लावला. बोटांची सालं निघाली, शीना गेला, तिमप्पय्या गेले. मग होड्यांत वाट दाखवणारी यंत्रं आली. गेल्या वर्षी तिनं हट्टानं चुना लावलाच नाही. बघू, कोण विचारायला येतं!

होड्या सुखरूप आल्या. कोणीही आलं नाही.

यंदा तिनं गुपचूप चुन्याचे दोन हात दिले.