कांबळेकाकांचं डच जेवण

आमच्या बिल्डिंगमध्ये लिंबं आणायची तर कापडी पिशवीतून, तीही तोंड बांधून. उघडं लिंबू कांबळेकाकांच्या नजरेला पडलं की संपलं. "थांब पोरी," ते दारातूनच म्हणतात, "ते वरचं जरा उजेडाकडे कर." मग ते लिंबू त्यांच्या घरी जातं आणि आपण वरणभात तसाच खातो.

काका कोपरीत आमच्या समोरच्या दारी राहतात. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी ठरवलेले पूल आयुष्यभर स्वच्छ रेषांत उतरवून दिले. रिटायर झाल्यावर रद्दीच्या दुकानात त्यांना जुन्या डच चित्रांचं एक पुस्तक मिळालं. अंधाऱ्या खोलीत मांडलेलं टेबल, चांदीचा पेला, अर्धं सोललेलं लिंबू, तोडलेला पाव, कधी लालभडक शेवंड, हातभर लांब कोळंबीसारखी. माणूस मात्र एकही नाही. जेवता जेवता कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटावं. तेव्हापासून काका ती चित्रं ऑइल पेंटमध्ये जशीच्या तशी काढतात.

"पुस्तकात बघूनच काढायचं तर आमची लिंबं कशाला?" मी एकदा विचारलं.

"छापलेला पिवळा खोटा असतो. खरं लिंबू शेजारी ठेवलं की तो ओशाळतो."

चित्राची कोणी तारीफ केली तर म्हणतात, "आपलं काही नाही त्यात." सहीसुद्धा करत नाहीत. मुळात, म्हणजे पुस्तकातल्या चित्रात, माशी असली तर माशी येते, पाव शिळा असला तर शिळाच येतो.

काकूंचा, म्हणजे मालतीकाकूंचा, या सगळ्याला आक्षेप नव्हता. फक्त त्या म्हणायच्या, "मेलेल्या गोऱ्यांचं जेवण मांडत बसतात आणि माझं गार होतं." काकू महाडकडच्या. त्यांनी सुकट भाजायला घेतली की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं. काका ब्रश ठेवून उठायचे ते फक्त त्या वासाला.

एकदा घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधून ऑर्डर आली. चित्र मोठं होतं म्हणून मी काकांना माझ्या गाडीतून घेऊन गेलेले. घरच्या बाईंनी चित्र बघितलं, खूश झाल्या, मग जवळ गेल्या.

"काका, हे कोपऱ्यात काय झोपलंय?"

"ससा. झोपलेला नाही, मेलेला आहे."

"अय्या! आम्ही प्युअर व्हेज आहोत. एवढा काढून टाका ना. त्या जागी द्राक्षं करा."

काका शांतपणे म्हणाले, "ताई, ससा मी मारलेला नाही. मला तो काढता यायचा नाही."

ससा आमच्याबरोबर परत आला. ट्रॅफिकमध्ये गाडी इंचभर हलत नव्हती. मी वैतागून म्हटलं, "काय बिघडलं असतं हो द्राक्षं केली असती तर?"

"ज्याने काढलं त्याने काहीतरी विचार केला असेल ना," काका म्हणाले. "मी कोण मध्ये पडणारा?"

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर काकूंना पॅरालिसिसचा झटका आला. हात थोडा सुधारला, बोलणं जड का होईना पण परत आलं. गिळणं मात्र आलं नाही. नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, येईलही हळूहळू, घाई करू नका. तोपर्यंत पातळ खिमट आणि दूध, सगळं नळीतून.

मी भेटायला गेले तर घर ओळखू येईना. भिंतीवर फक्त बुद्धांची तसबीर. पाव, शेवंड, लिंबं, ससा, सगळी चित्रं काकांनी उतरवून पलंगामागे तोंड फिरवून ठेवलेली.

"तिच्या डोळ्यांसमोर नको," ते मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाले.

स्वयंपाकही बंद केला होता. पोळीभाजीचा डबा यायचा. तो डबा घेऊन काका जिन्यात जायचे आणि पायरीवर बसून जेवायचे. येणाजाणाऱ्याला वाट द्यायला डबा उचलून छातीशी धरायचे. मी "आमच्याकडे या" म्हटलं. "नको, तिने हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे," म्हणाले.

एक दिवस मी काकूंजवळ बसलेले असताना त्यांनी काकांना बोलावलं.

"अहो, भिंती बोडक्या का केल्यात?"

काका नळीची पट्टी सारखी करू लागले.

"लावा सगळी. बघायला तरी द्या."

काकांनी मुकाट्याने खिळ्यांवर एकेक चित्र टांगलं. पलंगासमोर लिंबाचं मोठं चित्र आलं. काकू ते बराच वेळ बघत राहिल्या.

"यांच्या ताटात तिखट काहीच नाही का हो? एक भाकरी काढा त्यात. आणि सुकट."

काका चित्रापाशी गेले. पेल्याच्या बाजूला थोडी जागा होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मला वाटलं, आता ब्रश आणतील. ते तसेच उभे राहिले. वळले तेव्हा डोळे भरलेले होते.

"मुळात नाही गं मालती."

आजारपणात पहिल्यांदाच काकू हसल्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं, पण हसल्या.

"राहू दे. तुमच्याने नाही व्हायचं. मग असं करा, ही बनवेल तुम्हाला. आणि जिन्यात जायचं नाही. इथे बसायचं, माझ्यासमोर."

"तुझ्यासमोर? माझ्या घशाखाली उतरेल का?"

"उतरवायचं."

मी सुकट भाजली, भाकऱ्या थापल्या. काकूंइतक्या पातळ जमल्या नाहीत. काका पलंगाशेजारी स्टुलावर बसले, ताट मांडीवर घेऊन. पहिला घास हातातच राहिला.

"घ्या," काकू म्हणाल्या.

त्यांनी घेतला. सावकाश चावला.

"मीठ?"

"कमी आहे जरा."

"वाटलंच मला. आता कांदा घ्या."

काकांनी कांदा घेतला. काकूंनी डोळे मिटले.

"हं. आता परत सुकट."