समुद्राकडे तोंड असलेल्या दोन खुर्च्या

सुट्टीचं खरं सुख आपल्याला बसायला मिळालं यात नसतं, दुसऱ्याला मिळालं नाही यात असतं. हे तत्त्व जमिनीवर अर्धवटच कळतं, कारण जमिनीवर उभं राहून कंटाळलेला माणूस घरी निघून जातो. बोटीवर तो जाणार कुठे? म्हणून ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर जायचं आहे त्यांनी कपडे, टोप्या, उलटीच्या गोळ्या असल्या किरकोळ बाबींत डोकं घालू नये. तयारी एकाच गोष्टीची करावी, जागा धरण्याची. बाकीचं बोट बघून घेते.

या विषयातले जाणकार म्हणजे रुमालकाका. नोकरीत ते पाण्याचे मीटर तपासत, पण ते आपलं पोटासाठी. खरा जीव जागा धरण्यात. घरातून कुठेही जायचं ठरलं की बाकीचे कपडे शोधत राहत आणि काका पुढे जात. नाटकाला पुढे, दवाखान्यात पुढे, स्मशानातसुद्धा पुढे (तिथे गर्दी नसे, पण हाताला सवय). मुलगी झाली त्या दिवशी ते डोळ्यांच्या विभागात बाकडं धरून बसले होते, कारण बाळंतिणींच्या विभागात पंखा नव्हता. स्वतःच्या लग्नातही फोटो काढायची वेळ झाली तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर नवरीकडच्या मंडळींसाठी जागा धरत होते. त्यामुळे लग्नाच्या फोटोत काकू आहेत, काकूंच्या शेजारी खुर्ची आहे आणि खुर्चीवर रुमाल आहे. रुमाल इस्त्रीचा आहे, हे काका आजही पाहुण्यांना बोट ठेवून दाखवतात.

पुतण्याने सहकुटुंब क्रूझचा बेत केला तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सावध केलं, की बोटीवर जेवण हवं तेवढं मिळतं, समुद्र हवा तेवढा मिळतो, पण डेकवरची आरामखुर्ची काही मिळत नाही. पुतण्या व्यवहारी. त्याने त्याच दिवशी काका-काकूंचीही तिकिटं काढली. म्हाताऱ्यांना फिरवून आणतोय म्हणून नातेवाइकांत त्याचं फार कौतुक झालं. (कौतुकाला कारण विचारायची पद्धत नाही.)

काका-काकूंना खोली मिळाली ती बोटीच्या पोटात, बिनखिडकीची. खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र टांगलेलं होतं. काकूंनी बॅग ठेवली, चित्र नीट बघितलं आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"अहो, मला इथे एकच गोष्ट करायचीय. तुमच्या शेजारी बसून समुद्र बघायचाय. एकदाच. चाळीस वर्षांत आपण असे शेजारी शेजारी बसलोच नाही."

"अगं, काहीतरीच काय! घरी रोज बसतो की."

"घरी तुम्ही टीव्हीसमोर माझी जागा धरता, आणि मी येऊन बसले की उठून पाणी प्यायला जाता."

काका विचारात पडले. मग त्यांना मार्ग दिसला, आणि मार्ग दिसला की त्यांचा चेहरा नेहमी रुमालासारखा सपाट होत असे.

"शेवटच्या संध्याकाळी. सूर्यास्ताला. अगदी पुढच्या कठड्याजवळच्या दोन खुर्च्या. दिल्या तुला, जा."

काकूंना मनापासून आनंद झाला. एवढा आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं हे त्यांनाही कळत होतं, पण झाला. त्यांनी त्या संध्याकाळसाठी निळी साडी बॅगेत सगळ्यात वर काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी डेकवर काकांनी काम हाती घेतलं. कोणत्या वस्तूने खुर्ची किती वेळ धरून राहते याचा त्यांचा अभ्यास नवख्यांच्या सोयीसाठी इथे देणं भाग आहे.

टॉवेल: अर्धा तास. टॉवेल बोटीचाच असल्याने त्याला स्वतःची अशी पत नसते.

पालथं ठेवलेलं पुस्तक: सकाळभर. पुस्तक वाचायला फार वेळ लागतो असा सर्वांचा समज आहे, आणि तो तपासून बघितलेला कुणीही बोटीवर नसतो.

चष्मा: दुपारपर्यंत. बिनचष्म्याचा माणूस लांब गेला नसेल असं लोकांना वाटतं. (तो लांबच गेलेला असतो. त्याला खुर्ची सापडत नसते.)

एक चप्पल: संध्याकाळपर्यंत. दोन्ही चपला मात्र ठेवू नयेत. माणसाने उडी मारली असा समज होऊन धावपळ होते, आणि धावपळीत खुर्ची जाते.

पेल्यात ठेवलेली कवळी: बेमुदत. शेजारच्या दोन खुर्च्याही आपोआप मिळतात.

अडचण एकच होती. बोटीचा नियम असा, की अर्ध्या तासाहून जास्त वेळ बिनमाणसाच्या राहिलेल्या खुर्चीवरची वस्तू उचलली जाईल. त्यासाठी डेकवर एक मुकादम नेमलेला होता. नियमाचा भंग करणं काकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी नियमाचा मान राखून असं ठरवलं, की अर्धा तास भरायच्या आत प्रत्येक वस्तू एक खुर्ची पुढे सरकवायची. पुतण्याचा टॉवेल त्याच्या बायकोच्या, म्हणजे सुनेच्या, खुर्चीवर, सुनेचा चष्मा काकूंच्या खुर्चीवर, काकूंची चप्पल पुढे. अशा रीतीने कोणतीही वस्तू कोणत्याही खुर्चीवर बेकायदा राहत नसे. मुकादमाने घड्याळ बघितलं, खुर्च्या बघितल्या आणि काकांना सलाम केला. सरकवण्याचं काम मात्र दिवसभर चाले, आणि त्याला घरातली सगळी माणसं लागत.

एकदा पुतण्या चुकून खुर्चीवर बसला.

"ऊठ आधी!" काका कडाडले.

"काका, दोन मिनिटं. पाय दुखताहेत."

"तू बसलास तर जागा कोण धरणार रे?"

तो उठला.

त्याच सुमाराला पांढऱ्या टोपीतल्या एक बाई तिथे आल्या. वय काकूंएवढंच, गुडघ्याला पट्टा. त्या एकट्याच आल्या होत्या, म्हणजे पुढे पाठवायला त्यांच्याकडे माणूस नव्हतं. अशा लोकांनी खरं तर प्रवासाला निघूच नये, पण तिकीट देणारे हे विचारत नाहीत. बाईंनी काकूंच्या शेजारच्या, चष्मा ठेवलेल्या खुर्चीकडे बोट केलं.

"इथे कुणी आहे का हो?"

"आहेत. येताहेत," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते विचारायच्या आधीच बाहेर पडे. बाई "बरं बरं" म्हणाल्या आणि गुडघा सावरत पुढच्या खुर्चीकडे गेल्या. तिथेही येत होते. काकू त्यांच्या टोपीकडे बघत राहिल्या. त्यांना लाज वाटली, आणि चप्पल सरकवायची वेळ झाली.

चांगली गोष्ट लपून राहत नाही. काकांची पद्धत अख्ख्या बोटीवर पसरली. लोक सल्ल्याला येऊ लागले. सुनेने बुफेच्या रांगेत सहज काकांचं नाव सांगितलं तर तिला पुढे जाऊ दिलं. (ती पुढची जागाही कुणीतरी धरलेलीच होती.) तिसऱ्या दिवशी बोटीच्या कचेरीने पाहणी केली, तेव्हा डेकवरच्या खुर्च्यांपैकी शंभर टक्के व्यापलेल्या आढळल्या आणि त्यांवर बसलेली माणसं शून्य टक्के. बोटीच्या इतिहासात खुर्च्यांचा एवढा पुरेपूर वापर कधी झाला नव्हता. कप्तानांनी काकांशी हात मिळवला आणि खुर्च्या यापुढे कमी झिजतील म्हणून समाधान व्यक्त केलं. प्रवासी आतल्या जिन्यात पायऱ्यांवर बसून काचेतून आपापल्या खुर्चीकडे बघत. समुद्र तिथून दिसत नसे, पण खुर्ची स्पष्ट दिसे.

चौथ्या दिवशी बोट एका बेटाला लागली. माहितीपत्रकात त्या बेटाचं फार वर्णन होतं. उतरलं कुणीच नाही, कारण उतरलं तर सरकवणार कोण? बेटावरची मंडळी बराच वेळ हात हलवत होती. शेवटी मुकादम एकटा उतरला आणि सगळ्यांच्या वतीने बेट बघून आला. चांगलं आहे म्हणाला.

पाचव्या दिवशी बुडण्याची तालीम होती. ही प्रत्येक बोटीवर होते, नवख्यांनी घाबरू नये. भोंगा वाजला, सगळे लाइफ जॅकेट घालून लाइफबोटींजवळ जमले, अधिकाऱ्याने पहिल्या लाइफबोटीवरचं कापड दूर केलं. आतल्या एकूण एक जागेवर रुमाल होता. दुसरीत टॉवेल, टोप्या आणि तीन कवळ्या. शोध घेता असं निष्पन्न झालं, की जबाबदार प्रवाशांनी काकांची पद्धत कळली त्या रात्रीच जागा धरून ठेवल्या होत्या. काही कुटुंबांनी पाहुण्यांसाठीही धरल्या होत्या, ते या प्रवासाला आले नव्हते. कप्तानांना एकही जागा उरली नव्हती, पण कप्तानाने शेवटी उतरायचं असतं, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. पांढऱ्या टोपीतल्या बाईंनी तिथेही विचारलं.

"इथे कुणी आहे का?"

"येताहेत," अख्ख्या लाइफबोटीच्या वतीने कुणीतरी म्हणालं.

काकांनाही हे थोडं अती वाटलं. म्हणजे कवळीपेक्षा तिथे चप्पल पुरली असती, असं त्यांचं मत पडलं.

आणि मग शेवटची संध्याकाळ आली. काका शब्दाचे पक्के. पहाटेपासून ते पुढच्या कठड्याजवळ ठाण मांडून होते. दोन खुर्च्या, समोर काहीही आडवं नाही, थेट समुद्र. एकीवर त्यांचा टॉवेल, दुसरीवर खास इस्त्रीचा रुमाल. काकू निळी साडी नेसून, केस नीट करून आल्या. सूर्य अजून दोन-तीन हात वर होता. काकांनी टॉवेल उचलला आणि खुर्चीवर हात फिरवून त्यांना बसवलं.

काकू बसल्या. समुद्र चित्रातल्यापेक्षा बराच हलत होता. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल उचलायला हात पुढे केला.

"राहू दे, राहू दे तो," काका म्हणाले. "मी आलोच."

"आता कुठे?"

"उद्या सकाळी उतरायची रांग आहे ना. आत्ताच जाऊन जागा धरतो, म्हणजे पहिले उतरू. हा गेलो आणि हा आलो."

"अहो, सूर्य बुडतोय."

"बुडू दे गं. तुझी जागा आहे ना? मग झालं."

ते गेले. काकूंनी शेजारी बघितलं. खुर्ची होती, खुर्चीवर रुमाल होता. त्यांना तो फोटो आठवला. तेव्हा त्या हसल्या होत्या, नवऱ्याच्या घरी सगळेच त्या फोटोला हसत म्हणून. आता त्यांना रडू आलं. सूर्य हातभर खाली आला तरी काका आले नाहीत. मागून गुडघा ओढत कुणीतरी आलं. पांढरी टोपी. पाच दिवसांत बाईंनी बोटीला इतक्या फेऱ्या मारल्या होत्या, की डॉक्टरांनी त्यांच्या व्यायामाची सर्वांसमोर स्तुती केली होती.

"इथे कुणी आहे का हो?"

काकूंचं तोंड सवयीने उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, रुमाल उचलला, घडी घालून मांडीवर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही. बसा."

बाई बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो ऐकून आजूबाजूचे टॉवेल थोडे हलले असं म्हणतात. दोघी समुद्राकडे बघत राहिल्या.

काका परतले तेव्हा रांगेत पहिले होते आणि त्यांच्या पायात एकच बूट होता. दुसरा रांगेत उभा होता. भरलेली खुर्ची बघून ते जागच्या जागी थांबले. आपण धरलेली जागा गेलेली त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बघितली.

"अगं, इथे रुमाल होता!"

"होता," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं रुमालच होता."

बाई गडबडून उठायला लागल्या. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बसा हो तुम्ही. त्यांना उभं राहायची सवय आहे."

काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डेकभर शेकडो खुर्च्या मोकळ्या होत्या आणि एकही रिकामी नव्हती. मग ते काकूंच्या खुर्चीमागे, एका बुटावर, नुसतेच उभे राहिले. दुसरं काही करण्यासारखं नसल्याने त्यांनी समुद्राकडे बघितलं.

"बराच मोठा आहे की गं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"आहे," काकू म्हणाल्या, आणि सूर्य बुडाला.

पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्यांसाठी एवढं मार्गदर्शन पुरेसं आहे. तुम्ही काकांना हसला असाल, तर त्यात गैर काही नाही. आता जरा शेजारी बघा. तिथे तुमची पिशवी असेल, किंवा छत्री, किंवा फोन. ज्यांच्यासाठी ठेवली आहे ते येणार आहेत ना, एवढं एकदा विचारून घ्या. आणि कुणाच्या तरी शेजारी तुमची स्वतःचीही एक जागा असेलच. तिच्यावर सध्या काय ठेवलंय?